भिंतीवरची मखमल घरात

साताऱ्यात पाऊस लागला की जुन्या दगडी कंपाउंडवर हिरवी मखमल चढते. आपण तिला सरसकट शेवाळ म्हणतो. अंगणातल्या फरशीवर पाय घसरवतं ते बहुतेकदा खरं शैवाल. ही मखमल मात्र मॉस, शाळेच्या पुस्तकातल्या ‘वनस्पतिसृष्टीच्या उभयचरां’पैकी. ती घरात छान जगते, आणि त्यासाठी प्लास्टिकचा ट्रे किंवा स्पंज लागत नाही.

मे महिन्यात भिंतीवरचा वाळून कुरकुरीत झालेला एक पुंजका बशीत ठेवा आणि वर थेंब थेंब पाणी सोडा. पीळ पडलेली इवलाली पानं डोळ्यांदेखत उलगडतात, तपकिरीतून हिरवा रंग वर येतो. मॉसला खरी मुळं नसतात. पान बहुतेक ठिकाणी पेशींच्या एकाच थराचं, त्यामुळे पाणी थेट अंगातच मुरतं. खालचे केसांसारखे मूलाभ मुख्यतः घट्ट धरून ठेवायचं काम करतात. म्हणून मातीवाचून त्याचं अडत नाही. हवा असतो तो ओल टिकवणारा खरबरीत आधार.

आपल्या ऊसपट्ट्यात आधी आठवतं चिपाड. मीही त्यावरच लावून पाहिलं, पण आठवड्यात पांढरी बुरशी आली. चिपाडात उरलेली साखर म्हणजे बुरशीला आयतं खाद्य. नारळाचा काथ्या टिकतो, कारण त्यात लिग्निन, म्हणजे लाकडाला कडकपणा देणारा घटक, चिपाडाच्या जवळपास दुप्पट असतं आणि कुजवणाऱ्या जीवांना ते सहज पचत नाही. काथ्यात क्षार असतात, तेव्हा तो दोन-तीनदा भिजवून पिळून घ्यायचा. त्यावर मॉस खळीने चिकटवू नका, तिलाही बुरशी लागते. साध्या सुती दोऱ्याने सैल टाके घाला.

मॉस आपल्याच भिंतीवरून घ्या, तेही तळहाताएवढं. कासच्या सड्यावरून, म्हणजे तिथल्या खडकाळ पठारावरून, चिमूटभरही आणू नका. तिथे कातळावर माती जेमतेम, आणि ती धरून ठेवणाऱ्यांत मॉस आहे.

पाणी पावसाचं साठवलेलं उत्तम. बोअरच्या जड पाण्यातले क्षार पानांवरच साठतात आणि शेंडे करपतात. उजेड भरपूर हवा, ऊन नको. उन्हाळ्यात ओलं ठेवून झाकू नका, उकाड्याने सडेल. त्यापेक्षा वाळू द्या, ते झोपी जाईल.

काही महिन्यांत सुती दोरा कुजून तुटतो. तोवर मूलाभ काथ्यात शिरलेले असतात. पुंजका हलकेच उचलून पाहा, खालचा काथ्याही सोबत उचलला जातो.