गुंतवळाचं गणित

कॉर्डलेस व्हॅक्युम क्लीनरचा ब्रश फिरायचा थांबला की पहिला आळ बॅटरीवर येतो, दुसरा मोटरवर. पण जरा कान देऊन ऐका, हवा ओढल्याचा आवाज चालूच असतो. म्हणजे बॅटरी शाबूत आहे. या यंत्रांत बहुधा हवा ओढणारी मोटर वर आणि ब्रशाचा रोलर फिरवणारी छोटी मोटर खाली तोंडाशी असते. फिरती मोटर स्वतःच उलटा विद्युत दाब तयार करून प्रवाहाला आवर घालते. रोलर अडकला की हा आवर जातो, प्रवाह भसकन चढतो आणि मोटर जळू नये म्हणून सर्किट तिची वीज तोडतं.

अडवणारं असतं ते बहुतेक वेळा गुंतवळ. केसासारखी नाजूक वस्तू मोटरला कशी भारी पडते? जेटीवरचा खलाशी लोखंडी खुंटाला दोराचे दोन-तीन वेढे देतो आणि मोकळं टोक नुसतं हातात धरतो, तरी बोट जागची हलत नाही. कारण वेढ्यागणिक ताणाची बेरीज होत नाही, गुणाकार होतो. लिओनार्ड ऑयलरने 18व्या शतकात हे सूत्रात मांडलं: दोन टोकांच्या ताणांचं गुणोत्तर म्हणजे e (सुमारे 2.718 ही गणितातली ठरावीक संख्या) चा μθ इतका घात. μ हा घर्षणांक, θ हा वेढ्यांचा एकूण कोन, रेडियनमध्ये (एक पूर्ण वेढा म्हणजे 2π). μ 0.3 धरा. एका वेढ्याला 6.6 पट, दोनला 43, तीनला 286, चारला जवळजवळ 1900!

गंमत पुढेच आहे. सूत्रात त्रिज्या कुठेच नाही, मोजले जातात ते वेढे. 50 सेंटिमीटरचा केस 4 सेंटिमीटर व्यासाच्या रोलरवर जेमतेम चार वेढे घेतो. तोच सरकत टोकाच्या 6 मिलिमीटरच्या आसावर गेला तर सव्वीस. म्हणून रोलर वरून स्वच्छ दिसत असला तरी खरा फास बेअरिंगपाशी बसलेला असतो. ‘केस गुंततच नाहीत’ म्हणणाऱ्या जाहिराती या टोकांबद्दल बहुधा गप्प असतात.

(गुंतवळ थुंकून टाकावं, नाहीतर कुणी करणी करतं म्हणतात. केसांची मला माहीत असलेली एकमेव करणी ही.)

तेव्हा केस ओढू नका, ओढाल तितका फास आवळतो. यंत्र बंद करा, बॅटरी निघत असेल तर काढा, रोलर बाहेर घ्या आणि त्याच्या लांबीच्या दिशेने कात्री चालवा. एकदा कापलं की कुठल्याही तुकड्याचा एका फेऱ्याहून जास्त वेढा उरत नाही, मग सगळं हाताने निघून येतं. टोकाची टोपणं उघडत असतील तर तीही उघडा आणि आसावरची केसांची कडी चिमट्याने सोडवा. रोलर परत बसवण्याआधी बोटाने फिरवून पाहा. सहज फिरतोय, तरी यंत्रात चालत नाही? मग नळीच्या जोडावरचे धातूचे संपर्क कोरड्या फडक्याने पुसा. त्यानेही हलला नाही, तर मोटरवरचा आळ बहुधा खरा.