गाठीचा ताप आणि सरकारी छापखाना

बेळगावच्या प्लेगचे, म्हणजे गाठीच्या तापाचे, सरकारी कागद शोधायचे तर ‘कर्नाटक’ हा शब्द आधी विसरायचा. १९५६पर्यंत जिल्हा मुंबईकडे होता. आरोग्य खात्याचे वार्षिक अहवाल, देवी टोचल्याचे तक्ते, प्लेगचे हुकूम, सगळं मुंबई इलाख्याच्या दक्षिण विभागाखाली सापडतं. गंमत म्हणजे या जातीचे बरेच जुने अहवाल एडिंबरोच्या स्कॉटलंड राष्ट्रीय ग्रंथालयाने स्कॅन करून खुले केले आहेत, त्यामुळे खानापुरात बसूनही वाचता येतात.

त्याआधीचं चित्र हवं असेल तर १८८४चं बेळगाव गॅझेटियर आहे, मुंबई इलाख्याच्या मालिकेतला २१वा खंड. त्यात शेती, व्यापार, न्याय, शिक्षण हे सगळं झाल्यावर मागच्या बाजूला आरोग्यावरचं प्रकरण येतं. कारभारात आरोग्याची जागा तिथेच होती, पुस्तकाच्या शेवटाकडे.

ती पुढे आणली प्लेगने. सप्टेंबर १८९६मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी रोग ओळखला आणि ४ फेब्रुवारी १८९७ला साथरोग कायदा झाला. कायदा जेमतेम चार कलमांचा. रेल्वेने येणाऱ्यांची तपासणी करा, संशयितांना वेगळं ठेवा, न ऐकणाऱ्याला दंडविधानाच्या १८८व्या कलमाखाली शिक्षा करा, आणि सद्हेतूने काम करणाऱ्या अधिकाऱ्यावर दावा चालणार नाही. बाकीचं सरकारने नियम करून ठरवायचं. म्हणून त्या काळातला खरा कायदा कायद्याच्या पुस्तकात कमी आणि सरकारी गॅझेटातल्या नोटिसांत जास्त सापडतो. १८९८मध्ये आर. नेथन यांचा चार खंडांचा अहवाल सिमल्याहून निघाला, आणि पाठोपाठ फ्रेझर यांच्या प्लेग आयोगाने साक्षींचे जाडजूड खंड काढले. तपासणी म्हणजे प्रवाशांना फलाटावर ओळीने उभं करून गळा, काख, जांघ चाचपायची. बायाबापड्यांनाही. छापील पानावर त्याचा तक्ता होतो. लोकांच्या मनात काय झालं ते पुण्यात २२ जून १८९७च्या रात्री प्लेग अधिकारी रँडवर झाडलेल्या गोळीने कळलं.

आपल्या भागात या हुकमांची वेगळीच पंचाईत होती. बेळगाव इंग्रजांचं, पण त्याला चिकटलेलं शहापूर सांगली संस्थानचं. कायदा ब्रिटिश मुलखापुरता; संस्थानात दरबारचा हुकूम चालायचा. कॅन्टोन्मेंटचा कारभार आणखी निराळा. म्हणजे सकाळी शहापुरातून बाजाराला निघालेला विणकर दोन-तीन मैलांत तीन सरकारांच्या हद्दी ओलांडायचा, आणि गाठीच्या तापाला यातली एकही हद्द माहीत नव्हती. २०२१मध्ये कोविडच्या काळात महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावर, किंवा शिनोळीहून बाचीला येताना, आरटी-पीसीआरचा कागद दाखवणाऱ्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. शिनोळी ज्या चंदगड तालुक्यात आहे तो तालुका तर १९५६पर्यंत बेळगाव जिल्ह्यातलाच.

सुरुवातीच्या नियमांत मोठी खोट होती. सगळा रोख माणसांवर आणि त्यांच्या घरांवर: कौलं काढून ऊन आत घ्या, भिंतींना चुना द्या, अंथरूण जाळा. उंदराच्या अंगावरची पिसू रोग पसरवते, हे पॉल-लुई सिमों यांनी १८९८मध्ये मांडलं, पण भारतातल्या प्लेग संशोधन आयोगाच्या प्रयोगांनी ते पक्कं व्हायला १९०५नंतरची वर्षं उजाडली. खेड्यातल्या माणसाला पिसू ठाऊक नव्हती, उंदीर मात्र ठाऊक होता. घरात उंदीर पडला की बोचकी बांधून माळावर झोपडी घालायची. गाव मोकळं करण्याचा उपाय पुढे सरकारनेही उचलून धरला, आणि माझ्या मते त्या सगळ्या बाडांतली सर्वांत शहाणी शिफारस तीच. १९०१च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या ९,९३,९७६ भरली, दहा वर्षांपूर्वीपेक्षा सुमारे २ टक्के कमी. दुष्काळ आणि प्लेग दोन्ही त्या आकड्यात आहेत.

हाफकिन यांची प्लेगची लस १८९७च्या जानेवारीत तयार झाली आणि पुढच्याच वर्षी शेजारच्या हुबळी-धारवाडात ती मोठ्या प्रमाणावर टोचली गेली. टोचून घेतल्याचा दाखला असला की प्रवासाच्या जाचातून सूट मिळायची. दाखल्यासाठी दंड पुढे करणारे तेव्हाही असणारच.

बेळगावच्या वाट्याला आली ती देवीची लस. टिळकवाडीतल्या व्हॅक्सिन डेपोत ती तयार व्हायची, आणि देशातून देवी हद्दपार करण्याच्या मोहिमेत लस पुरवणाऱ्या चार भारतीय संस्थांपैकी एक आपली होती. आता व्हॅक्सिन डेपो म्हटलं की सकाळचं फिरणं आठवतं, नाहीतर महाराष्ट्र एकीकरण समितीचा महामेळावा. मैदानावर भेटलेल्या एका कॉलेजच्या पोराला विचारलं, इथे कसली लस होत होती रे? म्हणाला, ‘कोविशील्ड असंल की.’