चोथ्याचा प्रश्न : जॅम, जेली आणि पुणं

जॅम आणि जेली यांतला फरक सांगायला फार वेळ लागत नाही. फळाचा गर साखरेत शिजवला की जॅम. फळ पाण्यात उकळून, ते पाणी फडक्यातून गाळून, नुसत्या त्या रसात साखर घालून आटवलं की जेली. दोन्ही थंड झाल्यावर थिजतात, आणि दोन्हींत थिजवण्याचं काम साखर, आंबटपणा आणि फळातलं पेक्टिन मिळून करतात. फरक आहे तो चोथ्याचा. चोथा ठेवायचा की टाकायचा, हे मात्र नुसत्या चवीवरून कधीच ठरलं नाही. साखर काय भावाची आणि टाकलेल्या चोथ्याची हळहळ कुणाला, यावर ते ठरत गेलं. पुण्यात जॅम घरोघरी गेला आणि जेली गेली नाही, याचं कारणही मला त्यातच दिसतं.

आधी युरोप. तिथे कित्येक शतकं साखर म्हणजे औषधविक्यांच्या दुकानातली चीज होती. आपल्याला नोस्त्रादेमस ठाऊक असतो तो भविष्यवेत्ता म्हणून, पण तो पेशाने वैद्य होता आणि १५५५ साली त्याने सौंदर्यप्रसाधनं आणि साखरेत टिकवलेली फळं यांवर एक पुस्तक छापलं. त्यात क्विन्सच्या जेलीची कृती आहे, आणि ती राजापुढे ठेवण्याजोगी होते असा दाखलाही त्याने दिला आहे. क्विन्स हे सफरचंद-नासपतीच्या गोतातलं फळ. कच्चं खाल्लं तर घशाला तुरट बसतं, पण पेक्टिनने ठासून भरलेलं. ढीगभर फळं उकळायची, त्यातून थोडा रस घ्यायचा, बाकी टाकायचं आणि वर सोन्याच्या भावाची साखर ओतायची, हा उद्योग राजांनाच परवडणारा. जेलीतून पलीकडचं दिसतं याचं कौतुक होतं, कारण तो पारदर्शकपणा पैशाने विकत घेतलेला असे.

रस थिजतो कशाने, हे तेव्हा कुणाला माहीत नव्हतं. आंरी ब्राकोनो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८२५ मध्ये तो पदार्थ वेगळा ओळखला आणि त्याला पेक्टिन हे नाव दिलं. कृती करणाऱ्या बायकांचं त्याआधीही काही अडलेलं नव्हतं, हा भाग वेगळा.

जॅमचे दिवस आले ते साखर स्वस्त झाल्यावर. ब्रिटनने १८७४ मध्ये साखरेवरचा आयातकर काढून टाकला. हार्टली, चिव्हर्स, टिपट्रीची विल्किन ही जॅमची मोठी नावं १८७१ ते १८८५ या काळातली आहेत. गिरणी कामगाराच्या घरात पावाला लोणी लावणं महाग पडे, जॅम स्वस्त पडे. पहिल्या महायुद्धात खंदकांतल्या ब्रिटिश सैनिकांना आलुबुखार आणि सफरचंदाचा टिकलर कंपनीचा जॅम इतका खायला लागला की त्याची टिंगल हा त्या युद्धाच्या विनोदाचा एक ठरलेला विषय होऊन बसला. कारखान्याच्या हिशेबाने पाहिलं तर गाळणं म्हणजे वेळ आणि वजन दोन्हींचा तोटा. गर ठेवला की बाटल्या जास्त भरतात.

हीच पलटणींची, बिस्किटांची आणि डबाबंद मालाची संस्कृती पुण्यात आली. १८१७ च्या खडकीच्या लढाईनंतर कॅम्प वसला. १८२८ मध्ये गव्हर्नर माल्कमच्या काळात महाबळेश्वर थंड हवेचं ठिकाण म्हणून उभं राहिलं. मुंबई सरकार उन्हाळ्यात महाबळेश्वरला आणि पावसाळ्यात पुण्याला मुक्काम हलवायचं, त्यामुळे या दोन गावांमधला घाट साहेबांच्या पायाखालचा झाला. स्ट्रॉबेरी महाबळेश्वरच्या लाल मातीत रुजली ती त्यांच्यामुळेच.

पेठांमधल्या घरांत मात्र तेव्हाही मुरंबा होता, साखरआंबा, गुळांबा आणि मोरावळा होता. यांतला एकही पदार्थ गाळत नाहीत. फोडी किंवा कीस पाकात मुरतो आणि तसाच बरणीत जातो. त्यामुळे जॅम कुणाला समजावून सांगावा लागला नाही. तो पावाला लावायचा मुरंबा होता, एवढं पुरे होतं. इराण्याच्या हॉटेलातल्या बन-मस्काच्या जोडीला जॅम आला आणि पुढे शाळेच्या डब्यात शिरला तो कायमचा. जेलीला ही वाट नव्हती. उकळलेल्या पेरूंचा ढीग फडक्यात शिल्लक राहतो आणि तो टाकून द्यायचा, हे ज्या घरात कैरीच्या कोयीला लागलेला गरही आमटीत जातो त्या घरात पटणं अवघड. (ज्यांनी जेली केली त्यांनीही चोथा टाकला नाही. तो चाळून साखरेत घोटला की पेरूची वडी होते. गोव्यात ख्रिसमसला करतात ते पेराड याच जातीचं.)

गंमत म्हणजे जेलीला लागणारी फळं पुण्याभोवती भरपूर आहेत. महाशिवरात्रीच्या सुमाराला बाजारात येणारं कवठ पेक्टिन आणि आंबटपणा दोन्हींत तालेवार आहे. सह्याद्रीतली करवंदं, तीही जरा कच्ची असतानाच, तशीच. पेरूचं तर विचारायलाच नको. आज देशभर लावली जाणारी लखनौ-४९, म्हणजेच सरदार, ही पेरूची जात नावाने लखनौची असली तरी तिची निवड झाली पुण्यात, गणेशखिंडीच्या फळबागेत, १९२७ साली, डॉ. चीमा यांच्या हातून. विद्यापीठाच्या रस्त्याने रोज जाणाऱ्यांपैकी कितीजणांना हे माहीत असेल, शंकाच आहे. स्ट्रॉबेरी याच्या अगदी उलट. तिच्यात पेक्टिन जेमतेम, म्हणून तिचा जॅम वरून पेक्टिन किंवा लिंबू घातल्याशिवाय पातळ राहतो.

कृतीत एक पथ्य आहे. श्रीखंडासाठी दही टांगतो तसं उकळलेलं फळ मलमलीच्या फडक्यात रात्रभर टांगायचं, पण पुरचुंडी पिळायची नाही. पिळली की गराचे कण उतरतात आणि जेली गढूळ होते. रसात पेक्टिन पुरेसं आहे का हे पाहायला चमचाभर रसात चमचाभर स्पिरिट घालतात. घट्ट गोळा झाला तर रस चांगला, नुसते तंतू दिसले तर आणखी आटवायचा. हा तपासलेला रस अर्थातच खायचा नाही.

आणि एक गोष्ट इंग्रजी पुस्तकं बघून जेली करणाऱ्या पुणेकराने ध्यानात ठेवावी. पुस्तकात लिहिलेलं असतं, १०५ अंश सेल्सिअसला उतरवा. तो आकडा समुद्रकाठचा आहे. साखरेचं प्रमाण ६५ टक्क्यांच्या आसपास गेलं की मिश्रण पाण्यापेक्षा साधारण पाच अंश वर उकळतं, एवढाच त्याचा अर्थ. पुणं समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे, इथे पाणीच ९८ अंशांना उकळतं. म्हणजे इथला आकडा १०३. महाबळेश्वरला तर शंभराच्या आसपासच थांबायला हवं. १०५ ची वाट बघत बसलं की जेली चिवट होते. थर्मामीटर नसेल तर पळी तिरपी धरावी : थेंब वेगवेगळे न गळता जोडून पडदी पडली की झाली. ज्यांना पाकाची तार बघायची सवय आहे त्यांना हे सांगायला नको.

दुसऱ्या महायुद्धात साखर रेशनवर गेली आणि घरचे असले प्रयोग आखडले. पुढे १९५० मध्ये प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला. विठ्ठलराव विखे पाटलांच्या जोडीला त्यात पुण्याच्या गोखले संस्थेचे धनंजयराव गाडगीळ होते. साखर महाराष्ट्रातच मुबलक पिकू लागल्यावर फळं टिकवण्याचा धंदाही इथेच वाढणार हे ओघानेच आलं. १९५५ चा फळ उत्पादन आदेश निघाला, बाटलीवर एफपीओचा शिक्का दिसू लागला. १९५९ मध्ये पाचगणीत मॅप्रो सुरू झाली आणि महाबळेश्वरहून परतताना पिशवीत जॅमची बाटली असणं हा पुणेकरांचा रिवाज झाला. या सगळ्यात जेलीची बाटली मागे कोपऱ्यात राहिली. त्याच दशकात, १९५६ मध्ये, पुण्यात वीकफील्ड सुरू झाली होती. तिच्या आणि इतरांच्या जेली क्रिस्टल्सच्या पाकिटांनी जेली या नावावर कब्जाच केला. आज इथल्या पोरांना जेली म्हणजे वाटीत थरथरणारं लाल-हिरवं काहीतरी, कस्टर्डसोबत खायचं. इंग्रजांकडेही हाच अर्थ रूढ आहे. पावाला लावायची जेली हे अमेरिकनांचं, शेंगदाण्याच्या लोण्याच्या जोडीने.

त्यामुळे दुकानात गोंधळ होतो, पण तो वेष्टण उलटून वाचलं की मिटतो. सध्याच्या अन्नसुरक्षा नियमांनुसार जॅम असो वा जेली, दोन्हींत फळाचा अंश किमान ४५ टक्के आणि विरघळलेले घन पदार्थ किमान ६५ टक्के लागतात. जॅममध्ये स्ट्रॉबेरी आणि रास्पबेरीला सूट आहे, तिथे फळ २५ टक्के असलं तरी चालतं. महाबळेश्वरच्या वाटेवर स्ट्रॉबेरी जॅम घेताना हा आकडा डोक्यात असलेला बरा. घटकांत ४४० क्रमांक दिसला तर ते पेक्टिन, म्हणजे प्रकरण फळाच्या जातीचं. ४०६ म्हणजे अगर, ४०७ म्हणजे कॅरागीनन, दोन्ही समुद्री शेवाळातून निघतात आणि शाकाहारी पाकिटांत असतात. ४२८ असेल तर ते जिलेटिन, प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासूनचं. मग उपासाचं राहू द्या, पाकिटावरचा ठिपका हिरवा असणार नाही.