‘डेज ऑफ फ्यूचर पास्ट’ : १९७३ ला परत जाण्याची गरज कुणाला होती?

मे २०१४ मध्ये आलेला ‘एक्स-मेन : डेज ऑफ फ्यूचर पास्ट’ हा चित्रपट आधीचे भाग न बघता पाहायला बसलं, की पहिली पंचाईत चेहऱ्यांची होते. एक्स-मेनचा गुरू प्रोफेसर झेवियर दोन : पॅट्रिक स्टुअर्ट आणि जेम्स मॅकअव्हॉय. त्याचा मित्र आणि शत्रू मॅग्नेटोही दोन : इयन मॅकेलन आणि मायकेल फासबेंडर. शिवाय ह्यू जॅकमन, जेनिफर लॉरेन्स, हॅली बेरी, पीटर डिंकलेज आहेतच. एवढी मोठी नावं एका पडद्यावर आली ती निव्वळ हौसेपोटी नव्हे. स्टुडिओला दोन पिढ्यांचा विस्कटलेला हिशेब जुळवायचा होता, आणि त्यासाठी लागणारी युक्ती एका जुन्या कॉमिकमध्ये तयार होती.

स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी १९६३ मध्ये एक्स-मेन सुरू केलं. जन्मतःच अजब शक्ती असलेली मुलं (म्हणजे ‘म्युटंट’), त्यांची शाळा आणि त्यांना घाबरणारा समाज, अशी मूळ कल्पना. म्युटंटांना हुडकून काढणारे ‘सेंटिनल’ हे यंत्रमानव १९६५ मध्ये आले. पण खप बेताचाच राहिला. १९७० च्या अखेरीपासून १९७५ पर्यंत तर या मालिकेत जुन्याच गोष्टी पुन्हा छापल्या जात होत्या. १९७५ मध्ये लेन वीन आणि डेव्ह कॉक्रम यांनी केनया, रशिया, जर्मनी, कॅनडा असा देशोदेशीचा नवा संच उभा केला. पुढे लेखनाची सूत्रं ख्रिस क्लेअरमाँटकडे गेली, चित्रं जॉन बर्न काढू लागला आणि मालिकेचं नशीब पालटलं.

‘डेज ऑफ फ्यूचर पास्ट’ ही गोष्ट या जोडीनं १९८१ च्या सुरुवातीला अंक १४१ आणि १४२ मध्ये सांगितली. फक्त दोन अंक! कथेतलं भविष्य २०१३ चं आहे. अमेरिकेवर सेंटिनलांचं राज्य आहे, बहुतेक म्युटंट मारले गेलेत आणि उरलेले छावणीत कोंडलेत. पहिल्या अंकाचं मुखपृष्ठ अजून लोकांच्या डोळ्यांसमोर आहे : भिंतीवर ओळखीच्या नायकांचे फोटो, त्यांवर ‘ठार’ किंवा ‘पकडला’ असे शिक्के, आणि पुढे प्रकाशझोतात सापडलेले दोन एक्स-मेन, पिकल्या केसांचा वुल्व्हरिन आणि किटी प्राइड. छावणीतल्या प्रौढ किटीचं मन १९८० मधल्या, तेरा वर्षांच्या किटीच्या शरीरात पाठवलं जातं. काम एकच, म्युटंटांना विरोध करणाऱ्या सिनेटर केली यांची हत्या रोखायची, कारण त्या हत्येतूनच हे भविष्य ओढवलेलं असतं. हत्या टळते, पण शेवटी सरकार गुपचूप सेंटिनल बनवायला घेतं. म्हणजे भविष्य बदललं की नाही, हे वाचकानं आपलं आपण ठरवायचं. मला या कथेची खरी ताकद तिथेच वाटते.

कथेच्या मुळाशी आणखी एक गंमत आहे. ‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश मालिकेत १९७२ मध्ये दाखवलेल्या एका कथेशी आपलं कथानक बरंच जुळतं, हे आपल्या नंतर लक्षात आलं, असं खुद्द बर्ननंच सांगितलं आहे. भविष्यातून मारेकरी पाठवणारा ‘टर्मिनेटर’ मात्र या अंकांनंतर, १९८४ मध्ये आला.

आता चित्रपटांकडे. २००० आणि २००३ चे दोन भाग ब्रायन सिंगरनं केले आणि ते चालले. २००६ च्या तिसऱ्या भागात सायक्लॉप्स आणि जीन हे एक्स-मेन आणि झेवियर तिघांनाही मारून टाकलं. मग २०११ मध्ये मॅथ्यू वॉननं तरुण झेवियर आणि मॅग्नेटो यांचा, १९६२ सालातला ‘फर्स्ट क्लास’ काढला. त्यात झेवियर तेव्हाच अपंग होतो. पण २००९ च्या वुल्व्हरिनपटात तो १९७९ च्या सुमारास स्वतःच्या पायांवर उभा दिसतो! सेंटिनलांचा जनक बोलिव्हर ट्रास्क तर २००६ मध्ये बिल ड्यूक होता, २०१४ मध्ये पीटर डिंकलेज झाला. असा घोळ निस्तरायला काळाचं चाक उलटं फिरवण्यासारखा सोयीचा उपाय नाही. (या मालिकेची निर्माती लॉरेन शुलर डॉनर. तिचा नवरा रिचर्ड डॉनर, आणि त्याच्या १९७८ च्या ‘सुपरमॅन’मध्ये नायक पृथ्वीभोवती घिरट्या घालून काळ मागे नेतो. तेव्हा ही विद्या तशी घरचीच.)

‘फर्स्ट क्लास’चे नट तरुण असतानाचा काळ हवा, म्हणून पटकथाकार सायमन किनबर्गनं १९७३ निवडलं : व्हिएतनाम युद्ध आवरतं घेणारा पॅरिस करार, व्हाइट हाउसमध्ये निक्सन. सिनेटर केली पहिल्याच चित्रपटात मेला होता, म्हणून बळीच्या जागी ट्रास्क आला. आणि १९७३ मध्ये किटीचा जन्मच झालेला नसणार, तर तिचं मन पाठवायचं कुणात? ज्याचं वय दिसत नाही तो वुल्व्हरिन (ह्यू जॅकमन) हाताशी होता. तर्क बिनतोड आहे. तरी, सर्वांत मोठा स्टारही तोच होता हा योगायोग जरा जास्तच सोयीचा. मूळ कथेची नायिका इथे बहुतेक वेळ त्याच्या उशाशी बसून असते.

गर्दीची किंमत इतरांनीही मोजली. ‘रोग’ (Rogue) या म्युटंट मुलीच्या भूमिकेतलं ॲना पॅक्विनचं काम जवळजवळ सगळं कापलं गेलं, ती काही क्षणच दिसते. ते प्रसंग परत जोडलेली आवृत्ती २०१५ मध्ये वेगळी काढावी लागली.

कॉमिकनं मोकळा ठेवलेला शेवट चित्रपटानं पक्का बंद केला. वुल्व्हरिन जागा होतो तर शाळा गजबजलेली, जीन आणि सायक्लॉप्स जिवंत, २००६ चं नामोनिशाण नाही. चित्रपटानं जगभरात ७४ कोटी डॉलरहून जास्त कमावले, तेव्हा तक्रार कोण करणार? पुढचे भाग १९८३ आणि १९९२ मध्ये घडवले गेले. १९६२ पासून तीस वर्षं लोटली, तरी मॅकअव्हॉय आणि फासबेंडर यांच्या चेहऱ्यांवर जेमतेम दहा वर्षं दिसतात, आणि या हिशेबाचा खुलासा करण्याच्या भानगडीत कुणी पडलं नाही. हे चित्रपट काढणारा फॉक्स स्टुडिओच मार्च २०१९ मध्ये डिस्नेच्या ताब्यात गेला.