साठीनंतरची फी आणि ‘पालकाचे उत्पन्न’

निवृत्तीनंतर कॉलेजात नाव घालणाऱ्यांना फी कमी असावी का, हा विषय कोल्हापुरात निघाला की पहिल्या पाच मिनिटांत शाहू महाराजांवर जातो. साहजिक आहे. पण १९१७ चा सक्तीच्या मोफत शिक्षणाचा हुकूम प्राथमिक शाळेतल्या पोरांसाठी होता आणि बोर्डिंगे खेड्यांतून आलेल्या मुलांसाठी. नातवंडे असलेला विद्यार्थी तेव्हा कुणाच्या डोळ्यांपुढे असायचे कारण नव्हते. १८८० चे राजाराम कॉलेज आणि १९६२ चे विद्यापीठ यांच्या मधल्या काळानेही या प्रश्नात फारशी भर घातलेली नाही.

खरी गाठ ईबीसीत, म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागास घरांतल्या मुलांच्या फी-सवलतीत आहे. साठच्या दशकाच्या तोंडावर बाराशे रुपयांच्या आत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलांना फी माफ झाली आणि या भागातली एक अख्खी पिढी पदवीधर झाली. आज सत्तरीत असलेले कितीतरी लोक त्याच सवलतीवर शिकले. मात्र तेव्हापासून फी कमी करायची ती घर बघून, हा पायंडा पडला. विद्यार्थ्याच्या मागे कमावता बाप असणार, हे गृहीतच. पुढे योजनेला शाहू महाराजांचे नाव मिळाले आणि उत्पन्नाची मर्यादा वाढत आठ लाखांवर गेली, तरी गृहीत तेच राहिले. कुटुंबातली दोनच अपत्ये पात्र, शिक्षण चालू असताना दोन वर्षांचा खंड नको, अशा अटी वाचल्या की त्या लिहिणाऱ्यासमोर कोण बसले होते ते कळते.

गेल्या वर्षी एका कॉलेजच्या खिडकीशी मी उभा होतो. पुढे सदुसष्ट वर्षांचे गृहस्थ, हातात शाळा सोडल्याचा पिवळा पडलेला दाखला, खंडाचे प्रतिज्ञापत्र आणि पेन्शनचे पासबुक. आतल्या मुलीने अर्ज उलटा करून विचारले, “काका, पालकाचं उत्पन्न कुणाचं लिहू?” काका म्हणाले, “वडील जाऊन तीस वर्षं झाली. मुलाचं चालंल का?” ती हसली नाही. उठून आतल्या साहेबांना विचारायला गेली.

‘ज्येष्ठ नागरिक’ हा शब्द आपल्याकडे कॉलेजातून आलेला नाही, तो एसटीच्या तिकिटावरून आला. म्हणून तो इतका गुंतलेला आहे. वृद्धांविषयीच्या १९९९ च्या राष्ट्रीय धोरणात ज्येष्ठत्व साठीला सुरू होते, आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाच्या २००७ च्या कायद्यातही साठीलाच. प्राप्तिकराने २०११-१२ मध्ये पासष्टवरून साठवर उडी मारली. राज्याच्या धोरणाने ती २०१८ मध्ये मारली. तरीही एसटीचे अर्धे तिकीट पासष्टनंतरच, आणि ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीला फुकट प्रवास. रेल्वेत पुरुष साठीला ज्येष्ठ होत आणि बायका अठ्ठावन्नला. मार्च २०२० मध्ये ती सवलतच थांबली. म्हणजे बासष्ट वर्षांचा माणूस प्राप्तिकराला ज्येष्ठ आणि सीबीएसवरच्या, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकावरच्या, कंडक्टरला तरुण. उद्या फीची सवलत आलीच तर यातले कुठले वय धरणार, हा वाद आधी होईल.

१९९९ च्या धोरणात एक वाक्य होते, ते कुणी फारसे उकरत नाही. शिक्षणाच्या संधींबाबत वृद्धांशी भेदभाव होत असेल तर तो दूर केला जाईल, असा त्याचा आशय. सवलतीचे वचन त्यात नव्हते. २००७ च्या कायद्यात निर्वाह आहे, वृद्धाश्रम आहेत, दवाखान्यातल्या खाटा आहेत, शिक्षण नाही. फुरसतीने पदवी घ्यायची तर १९८९ पासून नाशिकचे मुक्त विद्यापीठ होते, आणि ज्यांना खरेच शिकायचे होते ते तिकडे गेले.

अमेरिकेत ही गोष्ट उलट्या बाजूने आली. केंटकीच्या सरकारी विद्यापीठाने १९६४ मध्ये पासष्टीपुढच्यांना फी माफ केली. व्हर्जिनियाने १९७४ मध्ये कायदाच केला, पण हिशेबाने: साठीपुढच्यांनी वर्गात बसून नुसते ऐकायचे तर कुणालाही फुकट, परीक्षा देऊन पदवीकडे जायचे तर उत्पन्नाची अट. आणि फी भरणाऱ्या पोरांना आधी जागा, उरली तर आजोबांना. आपल्या व्याख्यानमालांना गर्दी करणाऱ्यांना यातला पहिला भाग लगेच पटेल.

आपल्याकडे जागेचा वाद पेटला तो वकिलीत, आणि निवृत्तांची ओढही तिकडेच जास्त. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांनी तीन वर्षांच्या एलएलबीला तिशीची मर्यादा घातली. ती मागे घेतली गेली, सप्टेंबर २०१६ मध्ये परत आली आणि मार्च २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. २०२० मध्ये उत्तर प्रदेशातल्या ७७ वर्षांच्या बाई याच मर्यादेविरुद्ध न्यायालयात गेल्या. नवऱ्यामागे इस्टेटीचे कागद स्वतःला कळावेत म्हणून त्यांना कायदा शिकायचा होता. तुकडीत साठ जागा, त्यातली एक म्हाताऱ्याने का अडवावी, हा युक्तिवाद मला तरी कधी पटला नाही. बीएच्या वर्गात बाके रिकामी असताना तो तिथे कुणी करतही नाही.

राहिला ‘फी’ हा शब्द. मागणी असते शिक्षण शुल्क माफ करण्याची, आणि अनुदानित तुकडीत ते मुळातच थोडे असते. पावती भरते ती बाकीच्या रकान्यांनी: प्रवेश, परीक्षा, ग्रंथालय, जिमखाना, ओळखपत्र, विमा. काकांनी त्या दिवशी शेवटी पूर्ण पैसे भरले. बाकावर बसून चष्मा लावला आणि पावती वरपासून वाचत आले. जिमखान्याला काही बोलले नाहीत. बोट थांबले ते ‘युवा महोत्सव’ या रकान्यावर. आतल्या मुलीने मान वर न करता सांगितले, “ते सगळ्यांनाच आहे काका. भाग घ्यायचा असला तर मात्र पंचविशीच्या आत लागतंय.”