प्रश्न नाजूक की पद्धत कच्ची? इल-कंडिशनिंग आणि अस्थिरता

न्यूमरिकल अ‍ॅनालिसिसच्या (गणितातले प्रश्न आकडेमोडीने सोडवण्याच्या शास्त्राच्या) उत्तरपत्रिकेत ‘प्रश्न इल-कंडिशन्ड आहे’ आणि ‘पद्धत अस्थिर आहे’ ही वाक्यं सर्रास एकमेकांच्या जागी येतात. दोन्हीकडे बारीकशी चूक फुगून मोठी होते, त्यामुळे गोंधळ साहजिक आहे. पण पहिल्यात दोष प्रश्नातच असतो, दुसऱ्यात आपण निवडलेल्या रीतीत.

क्ष + य = २ आणि क्ष + १.०००१ य = २.०००१ ही जोडी घ्या. उत्तर क्ष = १, य = १. आता २.०००१ च्या जागी २.०००२ लिहा. उत्तर होतं क्ष = ०, य = २! हे सगळं कागदावर, राउंडिंग (म्हणजे आकडे ठरावीक अंकांपर्यंत तोडणं) न करता सोडवलेलं आहे. दोन रेषा जवळजवळ समांतर असल्यामुळे छेदनबिंदू जरा धक्का लागला की दूर सरकतो. क्रेमरचा नियम वापरा किंवा गाउसची रीत, हे टळत नाही.

आता क्ष² − १०,००,००,००० क्ष + १ = ० हे वर्गसमीकरण पाहा. याचं लहान मूळ जवळजवळ एक दशकोट्यंश आहे. सहगुणक किंचित बदलले तर तेही किंचितच बदलतं, म्हणजे प्रश्न निरोगी आहे. तरीही शाळेतलं सूत्र डबल प्रिसिजनमध्ये (म्हणजे कॉम्प्युटरच्या सुमारे सोळा अंकी आकडेमोडीत) जसंच्या तसं चालवलं, तर लहान मूळ खऱ्या किमतीच्या पाऊणपटीच्या आसपास येतं. सुमारे २५ टक्के चूक! कारण सूत्रात दहा कोटीतून जवळजवळ दहा कोटीच वजा होतात, जुळणारे अंक उडून जातात आणि वर्गमूळ काढताना झालेलं राउंडिंग तेवढं उघडं पडतं. उपाय सोपा आहे: मोठं मूळ आधी काढा. मुळांचा गुणाकार १ आहे, म्हणून १ ला त्याने भागा. लहान मूळ जवळजवळ सगळ्या अंकांपर्यंत बरोबर मिळतं.

माझं ठाम मत आहे की कंडिशनिंग, म्हणजे प्रश्न किती नाजूक आहे हे, फ्लोटिंग पॉइंटच्या (कॉम्प्युटरच्या मर्यादित अंकी आकडेमोडीच्या) आधी शिकवावं, तेही हाताने सोडवता येणाऱ्या उदाहरणांतून. उलटा क्रम ठेवला, तर सगळा दोष कॉम्प्युटरचाच, असं मुलांच्या मनात पक्कं बसतं.

‘जास्त अंक घेऊन पाहा, उत्तर सुधारलं तर पद्धत अस्थिर होती’ ही कसोटी पुष्कळजण सांगतात, पण ती अपुरी आहे. ब्रिटिश गणितज्ञ जेम्स विल्किन्सन यांची प्रसिद्ध २० घाताची बहुपदी घ्या. तिची मुळं १ ते २०. क्ष च्या १९ व्या घाताचा सहगुणक −२१० मधून फक्त ०.००००००१२ च्या आसपास वजा केले की वीसपैकी दहा मुळं संमिश्र होतात. सहगुणक तंतोतंत माहीत असतील, तर इथेही जास्त अंकांनी उत्तर सुधारतं, तरी प्रश्न इल-कंडिशन्डच राहतो. खरी विचारणा अशी हवी: मिळालेलं उत्तर अगदी जवळच्या एखाद्या प्रश्नाचं अचूक उत्तर आहे का? असेल, तर पद्धतीने तिचं काम चोख केलं आहे.

मॉडेलिंगमध्ये हा भेद फार महत्त्वाचा ठरतो. तिथले सहगुणक मोजमापातून येतात आणि मोजमापात चूक असतेच. पद्धत अस्थिर असेल तर प्रोग्राम बदलावा. प्रश्नच नाजूक असेल, तर मोजमाप जास्त काटेकोर करावं लागतं किंवा मॉडेलच नव्याने मांडावं लागतं.