भूक लागते, नोकरी लागते, जावंही लागतं

पडलेल्या माणसाला 'लागलं का?' विचारतात, फोन कानाशी धरून बसलेल्याला 'लागला का?' विचारतात आणि दोघांनाही प्रश्न बरोबर कळतो. ठेच, नाद, झोप, आग, निकाल, लग्न, नोकरी: मराठीत काय काय लागत नाही! गाडी एखाद्याला लागते तेव्हा उलटी होते, तीच फलाटाला लागते तेव्हा माणसं चढतात.

गोंधळ वाटतो, पण मूळ एकच. संस्कृतातल्या 'लग्' धातूचा अर्थ चिकटणे. 'लग्न' हे त्याचंच रूप, आणि प्राकृतातल्या 'लग्ग'वरून आपलं 'लागणे' आलं. भाजी खाली लागते तेव्हा तो जुना अर्थ जसाच्या तसा दिसतो. बाकीचे त्यालाच फुटलेले फाटे: दगड पायाला भिडला की ठेच लागते, नातं जुळलं की कुणी मामा लागतो. भूकही कुठूनशी येऊन चिकटावी तशी 'मला' लागते. 'मी भूक लागतो' म्हणून पाहा! वाक्यात कर्ती भूक; आपण नुसते 'ला' लावून बाजूला उभे.

'मान'चं तसं नाही. ती मान संस्कृत 'मन्या'वरून आली, तो मान मुळातच 'मान'. दोघांचा उच्चार जुळला तो योगायोगाने. वाचतानाही हा फरक पडतो. जेनिफर रॉड आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना अक्षरं दाखवून 'हा खरा शब्द आहे का?' एवढंच ओळखायला सांगितलं होतं. शब्द इंग्रजी होते. एकमेकांशी संबंध नसलेले अर्थ असले की उत्तराला उशीर व्हायचा. एकाच अर्थाच्या पुष्कळ छटा असल्या की उलट ते लवकर यायचं.

मला जास्त नवल वाटतं ते पुढच्या टप्प्याचं. 'पाऊस पडू लागला' यात काय कशाला चिकटलं? काहीच नाही, क्रिया सुरू झाली, एवढंच कळतं. भरीव अर्थाचे शब्द असे झिजत झिजत व्याकरणाच्या कामी येतात. फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ आंत्वान मेये यांनी १९१२ मध्ये याला व्याकरणीकरण म्हटलं. 'तो कामाला लागला' ही बहुधा मधली पायरी. गंमत म्हणजे 'मी रडू लागलो' यात कर्ता मीच, पण 'मला रडावं लागलं' म्हणताच सक्ती येते आणि तो 'ला' पुन्हा हजर होतो. 'भूक लागू लागली' यात तर दोन्ही अवतार शेजारी बसलेत: पहिला अजून चिकटतोय, दुसरा नुसती सुरुवात सांगतोय.